गुंतवणूकदार आणला, दलाली अडकली
थकलेल्या प्लेसमेंट कमिशनच्या दाव्यांचा आढावा

समजा, डोंबिवली एमआयडीसीत रंगांसाठी लागणारी रसायने बनवणारी एक छोटी कंपनी आहे. दुसरा रिअॅक्टर बसवायला चार कोटी रुपये हवेत आणि बँकेकडे तारण ठेवायला आता काही उरलेले नाही. मालक ठाण्यातल्या एका ओळखीच्या सल्लागाराला म्हणतात, "कोणी पैसे लावणारं असेल तर बघा. दोन टक्के तुमचे." सल्लागार घोडबंदर रोडवरच्या दोन कुटुंबांची आणि नाशिकच्या एका उद्योजकाची गाठ घालून देतो. बैठका होतात, ताळेबंद चाळले जातात, कारखाना दाखवला जातो. तीन महिन्यांनी पैसे येतात, शेअर वाटले जातात. मग आठ लाखांचे बिल जाते आणि उत्तर येते, "साहेब, त्यांना तर आम्ही आधीपासून ओळखत होतो."

उदाहरण मी रचलेले आहे. पण वागळे इस्टेटपासून अंबरनाथपर्यंतच्या पट्ट्यात उद्योगधंद्यांच्या आसपास वावरणाऱ्या कोणालाही त्यातले काही नवे वाटणार नाही. फोर्टमधल्या मोठ्या वकिली कचेऱ्यांच्या लेखी आठ लाख ही क्षुल्लक रक्कम आहे. एकट्याने काम करणाऱ्या सल्लागाराची ती वर्षभराची कमाई असू शकते. शेअर बाजारात न जाता, निवडक लोकांना शेअर देऊन भांडवल उभे करण्याला कायद्यात प्रायव्हेट प्लेसमेंट म्हणतात. अशा वाटपात माणसे आणून देणाऱ्याला कमिशन मागता येते का, केव्हा, कशाच्या आधारे आणि कोणत्या न्यायालयात, हा या आढाव्याचा विषय आहे.

प्रश्न जुना आहे

शेअरची दलाली आणि मुंबईची न्यायालये यांचा संबंध १८६०च्या दशकापर्यंत मागे जातो. अमेरिकेतल्या यादवीमुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, तो पैसा शेअरमध्ये शिरला आणि प्रेमचंद रायचंद यांच्या काळातला तो प्रसिद्ध फुगा १८६५च्या जुलैमध्ये फुटला. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात जुगारी करारांविषयीचा कायदा आला, १८६५चा तिसरा. त्याने सट्ट्याचा करार तर रद्दबातल ठरवलाच, शिवाय त्याला जोडून केलेले पूरक करारही रद्दबातल ठरवले. म्हणजे सट्ट्याचा सौदा जमवून देणाऱ्याला आपली दलालीही कोर्टातून वसूल करता येईना.

१८७२चा भारतीय करार कायदा इतका पुढे गेला नाही. त्याच्या कलम ३०ने सट्ट्याचा करार निरर्थक ठरवला, पण त्याभोवतीच्या करारांना हात लावला नाही. १९५९मध्ये घेरूलाल पारख खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक अधोरेखित केला : एखादा करार अमलात आणता येत नाही, एवढ्याने त्याचा हेतू बेकायदा ठरत नाही आणि त्याच्याशी जोडलेला करारही आपोआप बुडत नाही. सार्वजनिक धोरणाच्या नावाखाली करार मोडीत काढताना न्यायालयांनी हात आखडता घ्यावा, असेही त्या निकालात आहे.

आजच्या प्रायव्हेट प्लेसमेंटच्या वादातही मूळ प्रश्न तोच आहे. मुख्य व्यवहारात खोट असेल तर ती दलालीला लागते का? दीडशे वर्षांपूर्वी मुंबईने 'हो' म्हटले होते, उरलेल्या देशाने 'नाही'.

कमिशन द्यायला कायदा परवानगी देतो का

पहिला आणि सर्वांत अवघड वाद इथेच आहे.

२०१३च्या कंपनी कायद्याचे कलम ४० (६) सांगते की, कंपनीला आपल्या रोख्यांच्या वर्गणीसंदर्भात 'कोणत्याही व्यक्तीला' कमिशन देता येईल, मात्र नियमांतल्या अटी पाळून. अटी त्या कायद्याखालच्या २०१४च्या नियमांत, नियम १३मध्ये आहेत. कंपनीच्या आर्टिकल्समध्ये, म्हणजे तिच्या अंतर्गत नियमावलीत, तशी तरतूद हवी. शेअरच्या बाबतीत कमिशन विक्री किमतीच्या ५ टक्क्यांपेक्षा किंवा आर्टिकल्समधल्या दरापेक्षा, यांत जे कमी असेल त्यापेक्षा, जास्त नको. डिबेंचरसाठी ही मर्यादा अडीच टक्के. प्रॉस्पेक्टसमध्ये दर आणि रक्कम जाहीर करायला हवी. आणि पुढे एक वाक्य येते : जे रोखे जनतेला वर्गणीसाठी देऊ केलेले नाहीत, त्यांवर अंडररायटरला कमिशन देता येणार नाही.

कंपन्यांच्या बाजूने या वाक्याचा रुंद अर्थ लावला जातो. नियम १३ पूर्ण वाचा, ते म्हणतात. प्रॉस्पेक्टस आणि कंपनी निबंधकाकडे द्यायची कराराची प्रत, या अटी सार्वजनिक विक्रीलाच लागू पडतात. म्हणजे कमिशनची सवलत सार्वजनिक विक्रीपुरती आहे. खासगी वाटपात ती नाही आणि म्हणून कमिशनचा करार कायद्याच्या विरोधात जातो. याच्या जोडीला कलम ४२ (७) येते. त्यानुसार खासगी वाटपाची माहिती 'जनतेला' देण्यासाठी जाहिरात, प्रसारमाध्यमे, विपणन किंवा एजंट यांचा वापर करता येत नाही. एजंटच नको म्हटल्यावर एजंटाची फी कुठून आली, असा हा युक्तिवाद.

मध्यस्थांची बाजू शब्दांना धरून आहे. बंदी 'अंडररायटर'वर आहे, म्हणजे उरलेले शेअर स्वतः घेण्याची हमी देणाऱ्यावर. माणसे आणून देणारा अंडररायटर नव्हे. आणि एजंट वापरायला मनाई आहे ती जनतेला माहिती देण्यापुरती. तीन ठरावीक माणसांशी गाठ घालून देणे म्हणजे जनतेला सांगणे नव्हे. या बाजूला एक ऐतिहासिक आधारही आहे. १९५६च्या कायद्याच्या कलम ७६मध्ये स्वतः वर्गणी भरणाऱ्याला किंवा भरण्याची हमी देणाऱ्याला मिळणारे कमिशन आणि इतरांची वर्गणी मिळवून देणाऱ्याला मिळणारे कमिशन हे दोन वेगळे खंड होते. पुढे त्यात जी बंदी घातली गेली, जनतेला न दिलेल्या शेअरवर कमिशन नाही, ती फक्त पहिल्या खंडाला लागू होती. म्हणजे संसदेने दोघांत फरक केला होता, आणि २०१४च्या नियमातला 'अंडररायटर' हा शब्द त्याच फरकाचा वारसा आहे, असे म्हणायला जागा आहे.

मात्र याच कलम ७६मध्ये आणखी एक ओळ होती : कंपन्या पूर्वापार कायदेशीरपणे देत आलेली दलाली या कलमामुळे बाधित होणार नाही. २०१३च्या कायद्यात ती ओळ नाही. विरुद्ध बाजू याकडे बोट दाखवते, आणि तो मुद्दा हलका नाही.

माझे मत शब्दनिष्ठ अर्थाकडे झुकते. जिथे दंडाची किंवा हक्क बुडण्याची शक्यता आहे, तिथे नियमात नसलेला शब्द वाचू नये. शिवाय लहान कंपन्यांची आर्टिकल्स बहुधा कायद्याच्या परिशिष्टातल्या तक्ता एफवरून उतरवलेली असतात आणि तक्ता एफमध्ये कलम ४० (६)नुसार कमिशन देण्याचा अधिकार दिलेला आहे. कंपनीने तो अधिकार स्वतःच्या घटनेत लिहून घ्यायचा, त्यावर मध्यस्थाला शब्द द्यायचा आणि बिल आले की अधिकारच नव्हता म्हणायचे, हे न्यायाला धरून नाही. तरी ५ टक्क्यांची मर्यादा मात्र लागू होईल असे धरूनच चालावे. दहा टक्के ठरवून बसलेल्याला पूर्ण रक्कम मिळणे कठीण.

एक परिस्थिती वेगळी काढायला हवी. एका आर्थिक वर्षात २००हून अधिक लोकांना देकार गेला (पात्र संस्थात्मक गुंतवणूकदार आणि कर्मचारी यांत मोजत नाहीत), तर तो खासगी राहत नाही, सार्वजनिक ठरतो. ३१ ऑगस्ट २०१२च्या सहारा निकालाने खासगी आणि सार्वजनिक यांतली रेघ देशभर ठळक केली. त्या रेघेपलीकडे गुंतवणूकदारांचे पैसे व्याजासह परत करण्याची वेळ येते आणि कंपनीवर जमवलेली रक्कम किंवा दोन कोटी, यांत कमी असेल तेवढा दंड बसू शकतो. अशा वाटपात सभागृहे भरवून माणसे जमवणाऱ्याच्या कमिशनच्या दाव्याला घेरूलाल निकाल वाचवू शकेल, असे मला वाटत नाही.

परवान्याचा प्रश्न

ठाणे-डोंबिवलीत घराची दलाली करणाऱ्याच्या पाटीवर आज महारेराचा नोंदणी क्रमांक असतो. २०१६च्या रेरा कायद्याच्या कलम ९ने नोंदणीशिवाय प्रकल्पातले घर विकायला मदत करण्यास बंदी घातली आणि २०२३पासून महारेराने एजंटांना प्रशिक्षण व परीक्षाही लावली. शेअरमध्ये पैसा आणणाऱ्या किरकोळ मध्यस्थासाठी अशी साधी नोंदणीच नाही. सेबी कायद्याच्या कलम १२नुसार मर्चंट बँकरला परवाना लागतो आणि १९९२च्या नियमांत मर्चंट बँकरची व्याख्या रुंद आहे; रोख्यांच्या विक्री-खरेदीची किंवा वर्गणीची व्यवस्था करणारा तीत बसू शकतो. पण परवान्यासाठी लागणारे भांडवल कोटींच्या घरात आहे. डोंबिवलीच्या सल्लागाराला ते झेपणारे नाही.

मग फक्त ओळख करून देणारा माणूस व्याख्येत येतो का? एक बाजू म्हणते, ओळख करून देणे आणि व्यवहार घडवणे वेगळे. ज्याने किंमत ठरवली नाही, कागद बनवले नाहीत, पैसे हाताळले नाहीत, तो मर्चंट बँकर नव्हे. दुसरी बाजू म्हणते, फी रकमेच्या टक्क्यांवर आणि व्यवहार झाल्यावरच मिळणार असेल तर त्याचे हित व्यवहार घडण्यातच आहे, आणि परवान्याची गरज नेमकी अशाच माणसासाठी असते. अमेरिकेत हा दुसरा विचार प्रबळ आहे. तिथे यशावर आधारित फी हे ब्रोकर असल्याचे महत्त्वाचे लक्षण मानले जाते आणि १९३४च्या कायद्याच्या कलम २९ (ब)मुळे विनापरवाना ब्रोकरशी केलेला करार रद्द करून घेता येतो. अशा 'फाइंडर'ना मर्यादित सूट देण्याचा प्रस्ताव तिथल्या रोखे आयोगाने ऑक्टोबर २०२०मध्ये मांडला. तो नियम झाला नाही.

व्यवसायांचे स्वतःचे नियमही इथे आडवे येतात. वकिलाला निकालावर अवलंबून टक्केवारी घेता येत नाही. चार्टर्ड अकाउंटंटलाही सर्वसाधारणपणे येत नाही, पण निधी उभारणीच्या काही सेवांसाठी त्यांच्या संस्थेने टक्केवारीला मुभा दिलेली आहे. आपल्या भागात अशी कामे बऱ्याचदा सीएच करतात, म्हणून ही मुभा कोणत्या सेवांना आहे हे आधी तपासणे त्यांच्या हिताचे.

कोणी आणला

कायदेशीरपणाचा अडसर पार झाला की खरा झगडा सुरू होतो तो 'आणला कोणी' यावर. इथे कायदा बराच स्थिर आहे. करार कायद्याचे कलम २१९ सांगते, वेगळे ठरले नसेल तर काम पूर्ण झाल्यावर एजंटाचा मोबदला देय होतो. व्यवहार घडण्यामागचे प्रभावी कारण मध्यस्थ होता का, हे न्यायालये पाहतात.

सर्वोच्च न्यायालयाचा १९५०चा अब्दुल्ला अहमद विरुद्ध अनिमेंद्र किसन मित्तर हा निकाल आजही वाचण्यासारखा आहे. कोलकात्यातल्या अमरतल्ला स्ट्रीटवरची २७ क्रमांकाची मिळकत. मालकाने दलालाला एका महिन्याचा अधिकार लिहून दिला : किमान एक लाखाला गिऱ्हाईक आणलेस तर हजार रुपये, आणि त्यावर पाच हजारांपर्यंत जे मिळेल ते तुझे. दलालाने १ लाख १० हजारांचे गिऱ्हाईक आणले. मालकाने ते नाकारल्यासारखे केले आणि नंतर त्याच खरेदीदारांनी पुढे केलेल्या माणसाला १ लाख ५ हजारांना मिळकत विकली. दलालाला डावलून त्याच्याच गिऱ्हाइकाशी सौदा केला तरी दलालीची जबाबदारी टळत नाही, असा कौल मिळाला. "आम्ही त्यांना आधीपासून ओळखत होतो" या उत्तराला या निकालात बरेच उत्तर आहे. नुसती जुनी ओळख पुरत नाही. पैसे लावण्याची बोलणी कोणामुळे सुरू झाली हे महत्त्वाचे.

पण दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. हाउस ऑफ लॉर्ड्सच्या १९४१च्या लक्सर खटल्यात मालकाने ऐनवेळी विक्रीच केली नाही. दलालाचे १० हजार पौंड गेले, कारण व्यवहार पूर्ण झाल्यावर फी असे ठरले होते. २०२३च्या बार्टन खटल्यात ब्रिटिश सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला तो असा : ६५ लाख पौंडांना विक्री झाली तर १२ लाख पौंड द्यायचे ठरले, विक्री झाली ६० लाखांना. तीन विरुद्ध दोन मतांनी ठरले की मध्यस्थाला काहीच मिळणार नाही. हे निकाल इथे बंधनकारक नाहीत आणि आपल्याकडे फुकट न केलेल्या कामाचा मोबदला देणारे करार कायद्याचे कलम ७० आहे. तरी आपल्या बोलण्यातला एक सवयीचा शब्द इथे घात करतो. "काम झालं की बघू." काम म्हणजे काय? पहिला हप्ता आला की? सगळे चार कोटी आले की? शेअर डीमॅट खात्यात दिसले की? आणि त्याच गुंतवणूकदाराने वर्षभराने आणखी एक कोटी घातले तर त्यावर टक्का आहे का? कसलेले सल्लागार यासाठी मँडेटमध्ये, म्हणजे नेमणुकीच्या करारात, बारा-अठरा महिन्यांची 'टेल' मुदत लिहून घेतात. न लिहिणाऱ्याला ती मागून मिळत नाही.

मध्यस्थाचे वागणेही तपासले जाते. कंपनीला न सांगता त्याने गुंतवणूकदाराकडूनही पैसे घेतले असतील किंवा खोटी हमी देऊन त्यांना ओढले असेल, तर कलम २२० त्याचा मोबदला हिरावू शकते.

पुरावा

न्यूयॉर्कच्या कायद्यात, व्यवसायसंधी जुळवून देण्याची फी मागायची तर लेखी करार लागतो. तोंडी शब्दावर दावाच उभा राहत नाही. आपल्याकडे तोंडी करार वैध आहे. म्हणून आपले दावे कागदाअभावी बाद होत नाहीत, ते पुराव्याच्या चिखलात रुततात.

आता हा पुरावा बहुतेक मोबाइलमध्ये असतो. व्हॉट्सअॅपवरचा "पार्टीला भेटून आलो, इंटरेस्टेड आहेत" हा संदेश, त्याखालचा मालकाचा अंगठा, मग "त्यांचा पॅन पाठवा". मूळ फोनऐवजी अशा संदेशांची प्रत मांडायची तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र लागते. जालन्याच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी ही अट बंधनकारक ठरवली. १ जुलै २०२४पासून ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३मध्ये आहे. फोन बदलला आणि जुना टाकून दिला, तर मूळ उपकरणच हातचे गेले. कंपनीचे कागदही उपयोगी पडतात : ज्यांना देकार दिला त्यांची नोंद, वाटपाचे पीएएस-३ विवरण, आणि कंपनीने काही रक्कम देऊन करकपात केली असेल तर सल्लागाराच्या २६ एएस या करपत्रकात उमटलेली ओळ. 'कसला करार?' म्हणणाऱ्या कंपनीने आधी पन्नास हजार देऊन त्यावर कर कापलेला असेल, तर ती ओळ बरेच सांगून जाते.

कोणते दार

मुलुंड चेकनाका ओलांडला की उच्च न्यायालयाची मूळ शाखा मागे राहते. कंपनी डोंबिवलीची आणि बोलणी ठाण्यात झालेली असतील तर दावा ठाणे जिल्ह्यातल्या न्यायालयांत येतो. पण मँडेटमध्ये 'मुंबई न्यायालयांचे अधिकारक्षेत्र' असे छापील वाक्य असेल आणि दाव्याचा काही भाग मुंबईत घडला असेल, तर २०१३च्या स्वस्तिक गॅसेस निकालानुसार 'फक्त' हा शब्द नसला तरी ते वाक्य बांधून ठेवते. सही करण्याआधी वाचायची ही ओळ आहे.

२०१८च्या दुरुस्तीने व्यापारी न्यायालयाची किमान मर्यादा एक कोटीवरून तीन लाखांवर आली. त्यामुळे आठ लाखांचा वाद व्यापारी वादाच्या व्याख्येत बसला तर तिथे जातो, आणि तातडीचा मनाईहुकूम मागायचा नसेल तर आधी कलम १२-अची मध्यस्थी करावीच लागते. २०२२च्या पाटील ऑटोमेशन निकालाने ती टाळता येत नाही हे नक्की केले. मला ही अडचण वाटत नाही. अशा वादांत दोघांचे जग एकच असते, उद्या पुन्हा तोंड बघायचे असते. निम्म्यावर मिटणारे भांडण तिथे मिटू शकते.

दिवाळखोरी कायद्याची धमकी देण्याची पद्धत आता बोथट झाली आहे. २४ मार्च २०२०पासून किमान थकबाकी एक कोटी हवी, आणि २०१७च्या मोबिलॉक्स निकालानुसार आधीपासून खरा वाद असेल तर अर्ज फेटाळला जातो. सल्लागाराची सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी असेल तर २००६च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याखाली सुविधा परिषदेकडे जाता येते, तिथे बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज आहे. पण काम झाल्यावर केलेली नोंदणी मागच्या थकबाकीला लागू पडत नाही, असे सिल्पी इंडस्ट्रीज निकालाने म्हटले होते. दोन मित्रांनी भागीदारीत काम केले आणि भागीदारी नोंदलेली नसेल, तर भागीदारी कायद्याच्या कलम ६९मुळे करारावरचा दावाच दाखल करता येत नाही. आणि फीची तारीख ठरलेली नसेल तर काम झाल्यापासून तीन वर्षांत न्यायालयात यायला हवे. "पुढच्या तिमाहीत देतो" हे तोंडी आश्वासन मुदत वाढवत नाही. सहीनिशी लिहून दिलेली कबुली वाढवते, तीही मुदत संपण्याआधी दिलेली असेल तरच.

काय अनिर्णित आहे

नियम १३मधली बंदी माणसे आणणाऱ्याला लागते का, यावर सरळ वाचनाने एकमत होत नाही. केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने त्या नियमात दोन शब्दांची भर घातली तर हा वाद संपेल, कोणत्याही बाजूने का होईना. छोट्या मध्यस्थासाठी परवडणारी नोंदणी असावी का, हा दुसरा प्रश्न; ती असावी असे मला वाटते, पण विरोधकांची भीती खोटी नाही. नोंदणीचा क्रमांक हाती आला की तोच गुंतवणूकदाराला सुरक्षिततेची हमी म्हणून दाखवला जाईल, आणि पैसे जमवून पळालेल्यांच्या कहाण्या या जिल्ह्याला नव्या नाहीत.

तिसरा प्रश्न या सगळ्या दाव्यांत क्वचित ऐकू येतो, कारण ज्याचा तो आहे तो पक्षकारच नसतो. घोडबंदर रोडवरच्या त्या दोन कुटुंबांना, आपल्याला कंपनीची ओळख करून देणाऱ्याला आठ लाख मिळायचे आहेत हे माहीत होते का? सार्वजनिक विक्रीत कमिशनचा दर प्रॉस्पेक्टसमध्ये छापावा लागतो. खासगी वाटपात प्रॉस्पेक्टस नाही, म्हणून नियम १३मधली जाहीर करण्याची अट तिथवर पोचत नाही. कमिशन वैध आहे असे ज्यांना म्हणायचे आहे, त्यांनी ते देकाराच्या पत्रात, रकमेसह, आधी लिहावे. मग दावा लढायची वेळ आली तर तेच पत्र मध्यस्थाच्या हातातला सर्वांत भक्कम कागद असेल, आणि कारखाना बघायला आलेल्या त्या कुटुंबांनाही कळलेले असेल की बरोबर आलेला माणूस कोणाचा आहे.